वाईट हवेची आल्वहिल्ड

हवा चांगली असली की आल्वहिल्ड घरात बसायची. ऊन पडलंय, समुद्र गुळगुळीत झालाय, अख्खं बेट पाठीला पिशव्या लावून म्हातारीवर निघालंय, आणि ही आपली खिडकीशी मोजे विणत बसलेली. मग नैऋत्येकडून ढग यायचे, पाऊस आडवा होऊन भिंतींना मारायला लागायचा, फेरीबोट बंद राहण्याची चिन्हं दिसायची, की हिची घरात धांदल सुरू. थर्मास भर, पावाला तपकिरी चीज लाव, रबरी बूट शोध.

म्हातारी हे आमच्या डोंगराचं नाव. उंची जेमतेम साडेसहाशे मीटर, पण उभी थेट समुद्रातून. गावाकडे तिची मांडी आहे, हिरवी, पाणथळ, मेंढ्यांनी भरलेली. पाठ समुद्राकडे आहे आणि पाठीला कडा. माथ्यावर ढग बसला की आम्ही म्हणतो, म्हातारीने डोक्याला रुमाल बांधला. रुमाल बांधलेला असताना वर जायचं नाही, हे इथल्या रांगत्या पोरालाही कळतं.

मी दुकानात गल्ल्यावर असते. दाराजवळ कॉफीचं टेबल आहे, तिथून रस्ता दिसतो. त्या टेबलाचा मालक असल्यासारखा त्रिग्वे बसलेला असतो. पूर्वी मासेमारी करायचा, आता फक्त बोलतो.

"चालली बघा," तो म्हणायचा. "म्हातारीला भेटायला म्हातारी."

"तुझ्यासारखी फुकटची कॉफी ढोसत बसत नाही ती," मी म्हणायचे.

"अगं, पण वर जाऊन बघते तरी काय? या धुक्यात माणसाला स्वतःचं नाक दिसत नाही!"

सगळे हसायचे, मीही हसायचे. आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं की आल्वहिल्डला घरातल्या आरशातही स्वतःचं नाक दिसत नव्हतं.

तिने एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉडचे काप काढले. काटा कुठे लपलाय हे तिला बोटाआधी डोळ्यांनी कळायचं, असं तिच्याबरोबरच्या बायका सांगतात. चौसष्टाव्या वर्षी त्या डोळ्यांनी दगा दिला. आधी वर्तमानपत्रातल्या ओळी मधोमध उंदराने कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. मग चेहरे गेले. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, टोपी दिसायची; चेहऱ्याच्या जागी करडा डाग. मुख्य भूमीवरच्या डॉक्टरने तपासलं आणि सरळ सांगितलं, "मधलं जाईल, कडेचं राहील. ज्याच्याकडे बघशील ते दिसणार नाही. नजर बाजूला नेलीस तर थोडं दिसेल. आता याला उपाय नाही."

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. मी नंतर विचारलं, का गं बाई? तर म्हणाली, "तुम्ही लोक फार चांगले आहात ना, म्हणून. रोज एकेक जण सूप घेऊन आला असता. हात धरून रस्ता ओलांडून दिला असता. आपल्याकडे रस्ता तरी एकच आहे."

म्हणून चांगल्या हवेत ती बाहेर पडेनाशी झाली. उन्हाच्या दिवशी म्हातारीच्या वाटेवर तीस माणसं भेटतात आणि प्रत्येक जण थांबून हवेविषयी दोन शब्द बोलतो. कोण बोलतंय ते कळेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. आल्वहिल्डला गर्व झालाय, ओळख देत नाही, असं लोक म्हणायला लागले. धुक्यात ही भानगड नव्हती. धुक्यात कुणी येत नसे, आणि आलंच असतं तर त्यालाही तिच्याइतकंच दिसलं असतं.

वाट तिच्या पायांना पाठ होती. लाकडी फाटक, त्याची ओली कडी. मग पायाखाली स्पंजासारखी दलदल, तिच्यावर टाकलेल्या तीन फळ्या, तिसरी हलणारी. उजव्या हाताला ओहोळ, आधी बडबडणारा, वर गेल्यावर कुजबुजणारा. बर्चच्या झाडांचा वास संपला की मेंढ्यांचं कुंपण, त्यावरून चढून जायची शिडी. तिथून पुढे दगड. दगडांतून नैऋत्येचा वारा डाव्या गालावर घेत सरळ गेलं की माथ्यावरची दगडांची रास. राशीला पाठ टेकून ती कॉफी प्यायची. खालून समुद्राचा आवाज यायचा, पण खालून आल्यासारखा वाटायचा नाही. कधी डोक्यावरून यायचा, कधी दगडांच्या आतून. मी कुठे बसलेय, किती उंच बसलेय, याचा विसर पडायचा, असं ती म्हणते. अंग हलकं व्हायचं. वर-खाली काही उरायचं नाही, नुसतं पांढरं, आणि त्यात हातातल्या कपाची ऊब.

आणि त्या पांढऱ्यात चित्रं यायची. डोळ्यांपुढच्या करड्या डागातच ती उमलायची. पांढरे एप्रन घातलेल्या बायकांची लांबच लांब रांग, दगडांवर पाऊल न ठेवता चाललेली. वीतभर उंचीचे टोपीवाले पुरुष, कामावर निघाल्यासारखे. एकदा निळ्या फुलांची भिंत, इतकी बारीक विणलेली की तिने हात पुढे केला. आवाज कशालाच नसायचा. पहिल्यांदा ती घाबरली होती. डॉक्टर म्हणाली, "वेड नाही हे. डोळ्यांकडून काही आलं नाही की मेंदूला करमत नाही, तो आपली चित्रं आपणच काढतो." तेव्हापासून आल्वहिल्ड ती बघायला म्हणूनही वर जायला लागली. एक खंत मात्र होती. येणारे सगळे अनोळखी असायचे. तिचा नवरा योस्टाइन त्यांच्यात कधीच आला नाही.

आता योस्टाइनबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याच्यामुळेच ती आयलर्टशी बोलत नव्हती.

आयलर्ट तेव्हा आमच्या फेरीबोटीचा कप्तान होता. बारा वर्षांपूर्वी योस्टाइनला हृदयाचा झटका आला आणि त्याला हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवरच्या इस्पितळात नेलं. आल्वहिल्डला जागा नव्हती, ती मागून फेरीने जाणार होती. पिशवी घेऊन धक्क्यावर आली तेव्हा वादळ सुरू झालं होतं. आयलर्टने सांगितलं, "आज बोट सुटणार नाही." तिने विनवण्या केल्या. शेवटी ती ओरडली, सगळ्या धक्क्यादेखत. तो एवढंच म्हणाला, "बोटीत बावीस माणसं आहेत, आल्वहिल्ड." दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी पलीकडे लागली तेव्हा योस्टाइनला जाऊन तास झाला होता.

तो चुकला होता असं कुणी म्हणत नाही. तीही म्हणत नव्हती. पण त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं, आणि जिथे भेटेल तिथे त्याच्याकडे अशी रोखून बघायची की माणूस वितळावा. दुकानात, चर्चमध्ये, सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत झेंडे हलत असताना. दहा वर्षं. आयलर्ट मान खाली घालायचा.

मग दोन वर्षांपूर्वी ती नजर अचानक थांबली.

त्याच सुमारास आयलर्टच्या खुब्याचं हाड झिजलं. निवृत्त होऊन तो एकटाच राहत होता, सोबतीला लोप्पा. लोप्पा म्हणजे पिसू. पिल्लू असताना एका जागी ठरत नव्हती म्हणून हे नाव. मेंढ्या राखणाऱ्या जातीची, गव्हाळ रंगाची, शेपटी पाठीवर वळलेली. धन्याला डोंगर चढता येईना आणि हिला चढल्याशिवाय करमेना. एका पावसाळी सकाळी आल्वहिल्ड घराबाहेर पडली तर पायरीवर ओली लोकर हाताला लागली. तिने वास घेतला. डांबर आणि पाइपची तंबाखू. कुणाची कुत्री ते कळलं.

"कुत्रीशी काय वैर," ती म्हणाली आणि निघाली.

तेव्हापासून हवा बिघडली की लोप्पा तिच्या पायरीवर हजर. आल्वहिल्डने तिच्या गळ्यात मेंढीची लहानशी घंटा बांधली. पुढे घंटा, मागे ही. दुपारच्या जेवणाला लोप्पा आपल्या घरी परत. दोन घरांमध्ये दोन वर्षं ही एवढीच ये-जा होती.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. मेंढ्या डोंगरावरून उतरवून झाल्या होत्या, बर्च पिवळे पडले होते. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास ती दुकानावरून गेली, पुढे लोप्पा. पाऊस बारीक, वारा नैऋत्येचा, म्हातारीचा रुमाल पार भुवयांपर्यंत ओढलेला. त्रिग्वेने आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. रोजच्यासारखंच सगळं.

वर पोहोचून तिने कॉफी घेतली, चीजचा पाव अर्धा लोप्पाला दिला. चित्रं आली. त्या दिवशी एप्रनवाल्या बायका होत्या आणि त्यांच्या हातात दिवे होते. ती त्यांच्याकडे बघत किती वेळ बसली हे तिलाही सांगता येत नाही. तेवढ्यात घंटा पळाली. ससा असेल, नाहीतर माळरानावरचा पक्षी. घंटा लांब गेली, आणि मग एकदम कुत्रीची किंकाळी.

आल्वहिल्ड उठली आणि आवाजाकडे धावली. हीच चूक झाली. वाटेवर तिला डोळ्यांची गरज नव्हती, वाट सुटल्यावर पायांना काहीच ठाऊक नव्हतं. ती दोनदा पडली. हातांनी चाचपत पोचली तेव्हा लोप्पा कधीकाळच्या कुंपणाच्या गंजक्या तारेत अडकलेली होती. पुढच्या पंजाला खोल जखम, तार आत रुतलेली. आल्वहिल्डने डोळे मिटून घेतले. एकतीस वर्षं बोटांनी काटे काढले होते, तशी तिने ती तार काढली. गळ्यातला रुमाल घट्ट बांधला. लोप्पा चावली नाही, फक्त तिचा हात चाटत राहिली.

मग ती उभी राहिली आणि डाव्या गालावर वारा शोधायला लागली. वारा तिथे नव्हता. तो कपाळावर आला, मग मानेवर. एवढ्या वेळात तो फिरून वायव्येचा झाला होता आणि दगडांमध्ये भोवरे घेत होता. दगडांची रास कुठे, गाव कुठे, कडा कुठे, काही कळेना. समुद्र चारी बाजूंनी वाजत होता. बटणांचा फोन होता खिशात, पण तिथे रेंज नसते. ती खाली बसली आणि लोप्पाला कुशीत घेतलं. भीती वाटली का, असं मी विचारलं. म्हणाली, "भीती नंतर वाटली. तेव्हा फार शांत वाटत होतं. झोपावंसं वाटत होतं. ते दिवेवाल्या बायकांचं चाललंच होतं समोरून. वाटलं, यांच्यामागे जावं का? पण त्या ज्या बाजूला चालल्या होत्या, तिकडे खाली समुद्र होता की काय कोण जाणे."

इकडे खाली एक वाजला तरी लोप्पा घरी आली नव्हती. आयलर्ट खिडकीतून बघत होता. चाळीस वर्षं हवेकडे बघून पोट भरलेला माणूस. बारा वाजता वारा फिरला तसा तो उठला होता आणि काठी टेकत येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याने बचाव पथकाला फोन केला. या हवेत बोटीने पोचायला दीड तास लागेल असं त्यांनी सांगितलं. गावातल्या माणसांना वर पाठवायचं तर आधी दोन हरवतील, मग चार. तेव्हा तो होडीघरात गेला आणि बापाचा भोंगा काढून आणला.

लाकडी पेटीचा जुना भोंगा. बाजूचा दांडा हाताने खाली-वर करायचा, की आतला भाता हवा सोडतो. धुक्यात होड्यांना घरची दिशा दाखवायला त्याचा बाप तो वाजवायचा. घरामागच्या टेकाडावर पेटी ठेवून आयलर्टने दांडा दाबला. दुकानात आम्ही सगळे दचकलो.

"हा तर एलियासचा भोंगा!" त्रिग्वे उभा राहिला. "आयलर्टच्या बापाचा. पन्नास वर्षांत ऐकला नाही."

पुन्हा वाजला. तो आवाज मध्येच फुटतो, वयात येणाऱ्या पोराच्या गळ्यासारखा, आणि मग खाली घसरतो. मी त्रिग्वेला गल्ल्यावर बसवलं आणि रेनकोट घालून धावले.

आयलर्ट टेकाडावर भिजत बसला होता. एका हातात घड्याळ. "दर दोन मिनिटांनी एक लांब," तो म्हणाला. "आल्वहिल्ड वर आहे. तिला कळेल."

"तुझा आवाज ऐकून येईल ती?" मी बोलून गेले. मला तेव्हाच जीभ चावावीशी वाटली.

तो घड्याळाकडे बघत राहिला. दोन मिनिटं झाली तसा त्याने दांडा दाबला.

वर आल्वहिल्डला तो ऐकू आला, पण अगदी बारीक. वारा मध्येच पळवून न्यायचा. पहिल्यांदा तिला वाटलं हेही आपल्या मेंदूचंच काम असेल. पण चित्रांना आवाज नसतो. दुसऱ्यांदा भोंगा मध्येच फुटला आणि तिने ओळखला. लहानपणी धुक्याच्या दिवशी हाच आवाज ऐकत ती अंथरुणात पडून असायची, बापाची होडी परत येईपर्यंत. भोंगा कुणाचा हे कळलं, म्हणजे आता तो कोण वाजवतोय हेही कळलं.

"खरं सांगू?" ती मला म्हणाली. "दोन भोंगे मी तशीच बसून राहिले. वाटलं, याच्या हाकेला ओ द्यायची? योस्टाइनकडे जाऊ दिलं नाही, आणि आता घरी बोलावतोय. मग लोप्पा थरथरायला लागली. तिचं काय पाप होतं?"

पाठपिशवी रिकामी करून तिने लोप्पाला आत बसवलं. चौदा किलोचं धूड, डोकं आणि पुढचे पाय बाहेर, हनुवटी तिच्या खांद्यावर. ती उठली आणि भोंग्याच्या दिशेने निघाली. पण कड्यावर आपटून आवाज परत यायचा. एक भोंगा वाजला की दोन ऐकू यायचे, आणि खरा कोणता, खोटा कोणता, ते कळेना. थांबली. पुन्हा वाजला तेव्हा लोप्पाचं ओलं नाक तिच्या उजव्या गालाला लागलं. प्रतिध्वनी आला तेव्हा नाक हललं नाही; खरा भोंगा कुठला ते कुत्रीला कळत होतं. त्यानंतर तिने कानांवर भरवसा ठेवला नाही. भोंगा वाजला की उभी राहायची, गालाला नाक कुठे लागतंय ते बघायची, तिकडे वळायची, वीस-पंचवीस पावलं जायची. कुठे बसून घसरत, कुठे हातापायांवर. मधल्या दोन मिनिटांत सगळं पांढरं आणि स्वप्नासारखं. ती सांगते, त्या उताराला वेळच नव्हता. आपण लहान आहोत आणि कुणाच्या तरी खांद्यावर आहोत असं वाटत होतं, आणि ओझं तर आपल्याच पाठीवर. मग केव्हातरी हाताला मेंढ्यांच्या कुंपणाचा खांब लागला. मग बर्चचा वास आला, आंबूस, पिवळ्या पानांचा. मग ओहोळ बडबडायला लागला, आणि आल्वहिल्ड रडायला लागली. पाय वाटेवर आले होते.

टेकाडावर आमचे दोन तास गेले होते. आयलर्टच्या तळहाताला फोड आले तेव्हा मी दांडा घेतला. तो घड्याळ बघून "आता" म्हणायचा आणि मी दाबायचे. बचाव पथकाची बोट धक्क्याला लागल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं, आणि तेवढ्यात मला घंटा ऐकू आली.

धुक्यातून आधी दोन डोकी आली, एकावर एक. मग आल्वहिल्ड. टोपी गेलेली, गुडघे फाटलेले, तोंड चिखलाने माखलेलं. ती आमच्यापासून तीन पावलांवर येऊन थांबली आणि बाजूला, माझ्याही पलीकडे कुठेतरी बघत म्हणाली, "आयलर्ट, बास कर आता. कान फुटले."

बारा वर्षांतलं पहिलं वाक्य. आयलर्टने घड्याळ खिशात टाकलं.

"कुत्री घे," ती म्हणाली. "पंजाला तार लागलीय. रक्त थांबलंय."

बोटीवरची माणसं आली, त्यांनी तिला तपासलं, काही मोडलेलं नव्हतं. त्यांना परत पाठवून आम्ही आयलर्टच्या स्वयंपाकघरात बसलो. लोप्पा चुलीपाशी घोंगडीवर. मी कॉफी केली, कारण त्या दोघांपैकी कुणालाच काही सुचत नव्हतं. उठून जावं असं मला वाटत होतं, पण वाट अडवून आयलर्टची काठी पडलेली होती आणि ती उचलायची हिंमत होईना.

शेवटी तोच बोलला. "कुत्रीला नेत होतीस, ते बरं वाटायचं मला. आणि ती घंटा बांधलीस ना, तेव्हा तर... दोन वर्षं झाली. मी म्हटलं, चला, आल्वहिल्डने माफ केलं."

"मी? कधी?"

"दुकानात. दोन वर्षांपूर्वी. मी समोर आलो आणि तू माझ्याकडे रागाने बघितलं नाहीस. नुसती बघून पुढे गेलीस. शांत. घरी येऊन मी रडलो, तुला सांगतो."

आल्वहिल्डने कप खाली ठेवला. टेबलाची कड चुकली, अर्धी कॉफी सांडली.

"अरे बाबा," ती म्हणाली, "मला तू दिसलाच नव्हतास."

आणि मग तिने सगळं सांगितलं. डाग, डॉक्टर, चेहरे, घंटा कशासाठी बांधली ते. माझ्यासमोर. मी दोन वर्षं तिला दुधाचे डबे वाचून दाखवत होते आणि चष्मा विसरते म्हणून हसत होते. माझे कान लाल झाले.

आयलर्टने सांडलेली कॉफी फडक्याने पुसली. "म्हणजे माफ नाही केलंस," तो म्हणाला.

"माहीत नाही रे. आता रागाने बघायची सोयच राहिली नाही." ती जरा थांबली. मग जे तिने बारा वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "त्या दिवशी लाटा किती होत्या?"

"सामुद्रधुनीच्या तोंडाशी आठ मीटर."

"आणि तू काय केलंस? मी घरी गेल्यावर?"

"मी गेलोच नाही घरी. बोटीतच बसलो. इंजिन चालू ठेवून. म्हटलं, वारा तासभर जरी पडला तरी तुला एकटीला घेऊन सुटायचं, मग नोकरी गेली तरी चालेल. पडला नाही. उजाडता उजाडता पडला. तू आलीस तेव्हा पुढच्या कठड्याशी उभी राहिलीस, माझ्याकडे पाठ करून. मी सगळी वाट तुझ्या पाठीकडे बघत होतो."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं रडतेय. पण ती डोळ्यांच्या कडेने त्याला बघत होती.

"केस पार पांढरे झाले की तुझे," ती म्हणाली. "आणि दाढी कधी ठेवलीस? वाईट दिसते."

"सात वर्षं झाली."

"नाही. सात वर्षांपूर्वी मी रोज बघत होते तुझ्याकडे. तेव्हा नव्हती."

"मग दोन असतील," आयलर्ट म्हणाला.

मी हळूच काठी उचलून बाजूला ठेवली आणि निघाले.

जनावरांची डॉक्टर दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीने आली. पंजाला सात टाके. लोप्पाने तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम झाला, आणि ते तीन आठवडे आल्वहिल्ड रोज तिला बघायला जायची. कुत्रीला बघायला, असं ती ठासून सांगायची. आयलर्ट तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आधी मृत्यूच्या बातम्या, मग माशांचे भाव. दुकानात तिने कॉफीच्या टेबलाशी उभं राहून स्वतःच सगळ्यांना डोळ्यांचं सांगून टाकलं. त्रिग्वेने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग तो म्हणाला, "म्हणजे मी किती देखणा आहे हे तुला माहीतच नाही." ती म्हणाली, "ते मी चांगल्या डोळ्यांनी बघून ठेवलंय, त्रिग्वे. तेव्हाच दुखायला लागले असतील." आणि तिला जी भीती होती तसंच झालं, लोक सूप घेऊन आले. ती ते शेजारच्या मांजरांना घालते.

ती चित्रं अजून येतात. योस्टाइन अजून आलेला नाही. आता ती त्याची वाट बघत नाही, असं म्हणते. मला ते पूर्ण पटत नाही, पण मी वाद घालत नाही.

एप्रिलमध्ये आयलर्टला खुब्याच्या ऑपरेशनसाठी बोलावणं आलं. बरोबर कोण जाणार? आल्वहिल्ड म्हणाली, मी जाते. लोप्पा माझ्याकडे ठेवून दोघं सकाळच्या फेरीने गेले. इस्पितळ भलं मोठं. त्याला धड चालता येईना म्हणून ती चाकाची खुर्ची ढकलत होती, आणि ती वाटेतल्या माणसांवर घालू नये म्हणून तो "डावीकडे, आता उजवीकडे" असं बोटीवरच्यासारखं ओरडत होता. पाट्या वाचायच्या म्हणजे त्यालाच, आणि त्याचा चष्मा आमच्या दुकानाच्या टेबलावर राहिला होता. चार जणांना विचारत, दोनदा लिफ्टने वर-खाली करत ते शेवटी एका वॉर्डात पोचले, तर तिथे सगळ्या बाळंतिणी. नर्सने दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "नातवंड बघायला आलात?"

"नाही," आयलर्ट म्हणाला, "हाड बदलायला आलोय."

ती इतकी हसली की तिने त्यांना बसवून घेतलं, कॉफी दिली, आणि कालच जन्मलेली एक मुलगी आल्वहिल्डच्या मांडीवर ठेवली. आल्वहिल्ड खिडकीकडे तोंड करून तिला बराच वेळ बघत बसली. हाडांच्या वॉर्डात पोचायला त्यांना पाऊण तास उशीर झाला, आणि तिथे त्यावरून थोडी बोलणीही खावी लागली.